सात्या धुण्याची शास्त्रीय पद्धत

आमच्या घरी भाजीला ताटात येण्याआधी परीक्षा द्यावी लागायची. परीक्षक मी. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो होतो, आणि निवृत्त मास्तराला कोणाला तरी शिकवल्याशिवाय सकाळचा चहा पचत नाही. विद्यार्थी उरले नव्हते. मग मोबाईलवर येणारे व्हिडिओ पाहून मी भाजीपाल्याला हाती धरलं.

आधी मीठ आलं, मग खाण्याचा सोडा. मग व्हिनेगरची मोठी बाटली, तीही गोंदियाहून, कारण आमच्या सालेकशात मागितली तर दुकानदार माझ्याकडे रोगी असल्यासारखा पाहायचा. वांगी अर्धा तास मिठात, पालक सोड्यात, टमाटे व्हिनेगरात. बायको एकदा म्हणाली, "तुमची भाजी धुऊन होईपर्यंत मानूस भुकेनंच मरन. जहराले पाळीच नाही येनार." मी तिला कीटकनाशकांच्या अवशेषांवर वीस मिनिटं ऐकवलं. ती तेवढ्यात तांदूळ निवडून उठली.

त्या तांदळाचंही सांगून टाकतो. धान निसवायला आला की आमच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, तुडतुडे लागतात. दुकानदार देईल ती बाटली मीच आणायचो आणि मजुराच्या पाठीवरचा पंप मीच भरून द्यायचो. सांगितल्यापेक्षा झाकणभर जास्तच, मेलं तर पुरतं मरावं म्हणून. तोच तांदूळ आम्ही वर्षभर खातो. त्याला कशात बुडवावं असं माझ्या कधी मनात आलं नाही. घरचा तांदूळ ना तो. विष नेहमी दुसऱ्याच्या वावरात असतं.

माय हे सगळं स्वयंपाकघराच्या दारात बसून पाहायची. पंचाहत्तरी ओलांडलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली आणि दम्याची. भाजी धुण्याची तिची पद्धत एकच, तीन पाणी. पहिल्यात माती जाते, दुसऱ्यात किडा, तिसरं आपल्या मनासाठी, असं ती म्हणे. दम्यासाठी ती डॉक्टरांनी दिलेला पंप ओढायची आणि वर मोहाच्या बियांचं तेल कोमट करून छातीला चोळायची. तेलाला मी अडाणीपणा म्हणायचो. ती "होय बाबू" म्हणायची आणि चोळायची.

त्या वर्षी भादव्यात दरेकशाच्या जंगलाकडची एक बाई पळसाच्या पानात बांधून सात्या विकायला घेऊन आली. सात्या म्हणजे वारुळाजवळ जमीन फोडून निघणाऱ्या पांढऱ्या छत्र्या, रानातली अळंबी. वर्षातून थोडे दिवस मिळतात, आणि आमच्याकडे लोक त्यांच्यासाठी मटण बाजूला ठेवतात. मायनं त्या हौसेनं घेतल्या. मी पाहिल्या आणि मला जंगलातली माती, जंतू, बुरशी असं सगळं दिसू लागलं. मिठानं हे भागणार नव्हतं. विहिरीत टाकायला पंचायतीनं वाटलेली ब्लिचिंग पावडर डब्यात उरली होती. मी डबा काढला आणि बादलीत पाणी घेतलं.

"काऊन रे बाबू," माय म्हणाली, "जंगलात कोन फवारा मारते?"

"जंतू असतात माय. तुले नाही समजत."

तिला नाहीच समजलं. ती बादलीजवळ खाली बसून लसूण सोलू लागली.

दोन मुठी पावडर पाण्यात टाकून मी सात्या बुडवल्या. सात्या पाणी पितात, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं. मला दहा मिनिटांनी कळलं. त्यांना विहिरीत नवी पावडर टाकल्याच्या दिवशी येतो तसा वास मारत होता. आता हा वास घालवायचा कसा? तेव्हा मला माझाच धडा आठवला. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, दोघांचाही जोर संपतो. पावडर अल्कली, व्हिनेगर आम्ल. माश्या येतात म्हणून खिडकी मी आधीच लावून घेतली होती. अख्खी बाटली ओतली.

धडा बरोबर होता, पण त्या पावडरीत अल्कलीखेरीज आणखी काही असतं आणि आम्ल पडलं की त्यातून विषारी वायू निघतो, ते पान मी विसरलो होतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो. मी उभा होतो. माय खाली बसली होती.

मला नुसता ठसका लागला. मायला श्वासच घेता येईना. तिनं लसणाचं ताट लोटलं, छाती धरली, आणि तिच्या घशातून कुत्रं गुरगुरावं तसा आवाज येऊ लागला. मी काय केलं? मी बादलीत काय घडलं असेल याचा विचार करत उभा राहिलो. बायको धावत आली, तिनं मायच्या काखेत हात घालून तिला फरफटत अंगणात नेलं आणि ओरडली, "बादली राहू द्या तिथंच. मायले धरा." मी आत पळालो आणि मोहाच्या तेलाची बाटली घेऊन आलो. तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. बायकोनं बाटली माझ्या हातातून हिसकली आणि माझ्या हातात मायचा पंप आणि गाडीची किल्ली कोंबली. गोंदियापर्यंत मला एवढंच कळत होतं की माय मेली तर माझ्या हातानं मरेल. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

तरी दवाखान्यात पोचल्यावर सवय सुटली नाही. लवकर पाहावं म्हणून मी आधी सांगितलं, "मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे." मायला ऑक्सिजन लावला, वाफ दिली. तासाभरानं तिच्या ओठांचा निळेपणा गेला, तेव्हा तरुण डॉक्टरांनी विचारलं, "काय काय मिसळलं होतं? आणि कोणी?"

मी घसा साफ केला. तेवढ्यात मायनं मास्क खाली ओढला.

"म्याच केलो साहेब. वास येत होता म्हणून दोन दवाया टाकलो. मी अडानी बाई, मले का समजते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही शिकलेले. घरच्यांना जरा समजावत जा. भाजी साध्या वाहत्या पाण्यानं चोळून धुतली की पुरे."

"सांगतो," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

चार दिवसांनी माय घरी आली. वाटलं, विषय मिटला. पण अब्रू फुकट वाचली की माणूस तिच्यावर व्याज खायला लागतो. महिन्याभरात गावातल्या शाळेनं मला "घरातील रसायने" या विषयावर बोलायला बोलावलं. मोठ्या मुली होत्या, त्यांच्या आयाही होत्या, आणि मागच्या रांगेत पदर डोक्यावर घेऊन माझी माय होती. मी रंगात आलो. "आता आमच्याच घरचं उदाहरण घ्या. आई अशिक्षित, समजावून थकलो. भाजीत काहीबाही मिसळलं आणि जीव जाता जाता वाचला." सगळ्या बाया वळून मायकडे पाहू लागल्या. एकदोघी हसल्या. माय मान हलवत होती, जणू तिला पटत होतं.

टाळ्या पडल्या. घरी परतताना ती चौकात थांबली. मग म्हणाली, "बाबू, एक रायलं."

"का रायलं?"

"मी केलो म्हणून सांगतला, ते ठीक आहे. पन कोनत्या दोन दवाया मिसळाच्या नाही, ते तू सांगतलाच नाही. पोरी घरी जाऊन मिसळतील ना."

मी खरंच सांगितलं नव्हतं. व्हिनेगरचं नाव घेतलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, की अंगठा लावणाऱ्या बाईच्या घरात ती बाटली आणली कोणी. एवढ्यासाठी मी चाळीस मुलींना अर्धाच धडा देऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर मी पुन्हा शाळेत, त्याच मुलींच्या वर्गावर गेलो. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ब्लिचिंग पावडर आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. संडासचं ॲसिड तर नाहीच नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"सर, पन आजीजवळ व्हिनेगर कुठून आला?"

"माझ्याजवळ होता," मी म्हणालो. "मिसळलं मीच."

वर्ग हसला. मी हसणं थांबायची वाट पाहिली नाही, त्यांना वह्या काढायला सांगितल्या.