पिठात काढलेलं गाव

टॉमचा मेसेज आला तेव्हा मी प्लेनोतल्या इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये कणकेची मोठी पिशवी डिकीत टाकत होते. ‘मॉम गेली. सकाळी. झोपेतच.’ मी डिकी तशीच उघडी ठेवून गाडीला टेकून उभी राहिले. माझी जागा हवी असलेला एक जण हॉर्न वाजवत होता. वाजव बाबा, म्हटलं, तूही वाजव... ती कणीक आता संपत आली, तेव्हा कुठे मला हे लिहायला बसवलं.

लिडा मावशी आमची शेजारीण. नात्याची मावशी नव्हे, चेक बाई. लहानपणीच आईवडिलांबरोबर देश सोडून टेक्सासात आलेली, गेली तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढची. एवढ्या मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला मला जड जायचं, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिला मावशी करून टाकलं. टॉम तिचा एकुलता एक मुलगा. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, पण आठवताना ती मला मराठीतच बोलताना ऐकू येते. त्याला मी तरी काय करू!

एका शनिवारी ती तिच्या हातचा प्लमचा केक घेऊन आली, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “तुझं गाव कसं होतं गं?” तिने बाह्या वर केल्या, ओट्यावर सांडलेलं पीठ तळहाताने सारखं केलं आणि बोटाने एक वाकडी रेघ ओढली. “आधी पाणी,” म्हणाली. जंगलातून उतरणारा ओढा, बांध घालून अडवलेलं तळं, काठाकाठाने रस्ता, टेकाडावर चर्च, मधल्या मोकळ्या जागेत लिंडनचं झाड आणि त्याच्याभोवती लोहाराचं धरून थोडकी घरं. जमीन खडकाळ. बटाटे आणि राय नावाचं धान्य सोडलं तर काही धड यायचं नाही. माझी पोळी तव्यावर करपली, पण तिचं गाव काही थांबलं नाही.

मग दर शनिवारी तेच. जंगल तोडून गाव वसवणारे लोक, गावाला लागलेली मोठी आग, युद्धात सैन्याने वितळवायला नेलेली चर्चची घंटा... घंटेपाशी आली की तिचं बोट थांबायचं. घंटा नव्हती तेव्हा कोणी गेलं की एक म्हातारा दारोदार जाऊन सांगायचा म्हणे. युद्धानंतर सरकारने शेतं एकत्र केली, तिच्या वडिलांची पाणचक्कीची गिरणी, जिच्यातच त्यांचं घर होतं, ती बंद पाडली, आणि हे लोक निघाले.

नुसतं सांगून ती थांबायची नाही, परीक्षाही घ्यायची. पीठ पुसून म्हणायची, “आता तू काढ.” मी मोठ्या तोऱ्यात सगळं काढलं आणि गिरणी ठेवली तळ्याच्या वरच्या अंगाला. मावशी केवढ्याने ओरडली! “पाणी काय वर चढणार? अगं, माझ्या बापाला उपाशी मारशील!” बरोबरच होतं. बांधावरून पाणी खाली पडणार तेव्हाच चाक फिरणार. नागपूरच्या नळाच्या पाण्यावर वाढलेल्या मला हे कुठून सुचायला?

“चल ना, एकदा जाऊन येऊ,” मी म्हटलं होतं. “गिरणी पाडली गं,” ती म्हणाली. “आता उतरू कोणाकडे?” टॉमला हे सगळं सांगितलंस का, असं विचारलं तर हात झटकायची. “तो म्हणतो, मॉम, नॉट अगेन. मी गेले की संपलं.” मला तेव्हा टॉमचा असा राग यायचा!

शेवटच्या वर्षात तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. केअर होममध्ये तिला भेटायला मी डब्यात पीठ आणि एक थाळी घेऊन गेले. तिने ओढा काढला, तळं काढलं, आणि बोट तिथेच अडलं.  मग मीच रस्ता काढला, चर्च काढलं, लिंडन काढलं, बांधाच्या खाली गिरणी ठेवली. तिने मान वर करून माझ्याकडे निरखून पाहिलं.

“तू आमच्याच गावची ना? कोणाची गं तू?”

“लोहाराची,” मी म्हणाले.

तिला ते पटलं. “मग संध्याकाळी गिरणीवर ये,” म्हणाली. “आई केक करणार आहे.” घरी येताना मला गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागली. तीच आमची शेवटची भेट.

गेल्या शनिवारी टॉम आला. साठीचा, धिप्पाड माणूस, हातात मावशीचा केकचा साचा. “तिने तुला द्यायला सांगितलं होतं,” म्हणाला. मी पोळ्या लाटत होते. तो जायला वळला आणि दारातच थांबला. “ती तुझ्याकडे ते गाव काढायची ना? मला... मला काहीच आठवत नाही. मी कधी ऐकलंच नाही.” आणि एवढा मोठा माणूस माझ्या स्वयंपाकघरात रडायला लागला. मेला माझा राग कुठल्या कुठे पळाला.

मी गॅस बंद केला, पीठ पसरलं आणि आधी पाणी काढलं. मग रस्ता, चर्च, लिंडन. तो ओट्यावर वाकून बघत होता.

“आणि आमचं घर?” त्याने तळ्याच्या वरच्या अंगाला बोट टेकवलं. “इथे?”

“पाणी काय वर चढणार, टॉम?” मी म्हटलं, आणि त्याचं बोट धरून बांधाच्या खाली आणलं.