गुरुवारची गाडी

ही गोष्ट सांगायला आजवर कितीदा तोंड उघडलं, आणि ‘चहा घेणार का?’ एवढंच विचारून मिटलं. नवऱ्यालाही माहीत नाही. आज सांगते.

नगरच्या एका कंपनीत मी सीएसआरचं काम बघते — नफ्यातला समाजासाठी काढलेला वाटा गावोगाव पोचवायचा. पाथर्डीच्या पलीकडच्या एका गावात आमची दवाखान्याची गाडी दर गुरुवारी जायची. सोबत मी. दिवाळीच्या सुमारास तिथली कर्ती माणसं ऊसतोडीला निघतात. मागे उरतात म्हातारी आणि पोरं. कौसाबाई त्यांतलीच. दम्याच्या नातवाला मांडीवर घेऊन गाडीची वाट बघत बसायची, आणि भाकरी खाल्ल्याशिवाय मला सोडायची नाही. आई गेल्यापासून मला असं दटावून कुणी वाढलं नव्हतं.

हे आधी का सांगतेय? मूळ गोष्ट टाळतेय, दुसरं काय!

गावच्या उपकेंद्रात नर्सची जागा रिकामी होती. ती भरा, असा ठराव ग्रामसभेत यायचा होता. त्या सभेत मी उठले. म्हणाले, “नर्स कशाला? आमची गाडी कायम येणार.” कायम — हा शब्द माझा. गाडी ठरावीक मुदतीचीच होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण आमच्यामुळे सरकारचा भार हलका झाला, हे कंपनीतल्या साहेबांना दाखवायची मला घाई होती. ठराव बारगळला. पुढे तालुक्यात तेच धोरण झालं — जिथं कंपनीची गाडी, तिथं नर्सची निकड नाही.

मग प्रकल्प संपला आणि गाडी बंद झाली. नर्स तर आलेलीच नव्हती.

कौसाबाई दर गुरुवारी फोन करायची. “ताई, गाडी कवा येनार? पोराला लई दम लागतोय.” मी म्हणायचे, पुढच्या आठवड्यात. खरं का नाही सांगितलं? तिचा आवाज तुटेल म्हणून? — भित्रेपणाला मी किती गोड नाव देते, बघा.

शेवटच्या फोनला तिनं गाडीचं विचारलंच नाही. म्हणाली, “गाडी न्हाई तर न्हाई. तुमी तर या. भाकरी टाकते.”

येते म्हणाले. गेले नाही. फोन पुन्हा आला नाही, आणि नातू कसा आहे हे मला ठाऊक नाही.

गुरुवारी जेवताना मोबाईल अजून ताटाशेजारी ठेवते. तिच्याकडे जावंसं फार वाटतं, अगदी पोटातून वाटतं. पण तिच्या घराच्या वाटेवर उपकेंद्र लागतं, आणि तालुक्याला विचारलं की कळतं, त्याला अजून कुलूप आहे.