आधी पालथं कर

कोणतीही वस्तू हातात आली की भाऊ ती आधी उलटी करून तिचं बूड पाहत. कपबशी, कॅल्क्युलेटर, कुणाच्या तरी बारशाचा पेढ्यांचा डबा. "तोंड सगळ्यायचं सारखंच असते, बाबू," ते मला म्हणत. "खरं काय ते बुडाले लिहेल असते. आधी पालथं कर."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याची नक्कल करतो, हसतो आणि त्याचं ऐकत मात्र नाही.

अमरावतीत माती तपासणीचं एक खासगी केंद्र होतं. मी तिथे अहवाल टाइप करायचो, भाऊ यंत्रं सांभाळायचे. शेती बसलेली ती वर्षं. पिशवीत माती घेऊन येणारी माणसं मातीबद्दल कमी आणि आभाळाबद्दल जास्त विचारत. भाऊ त्यांना बसायला खुर्ची देत आणि पिशवीसुद्धा उलटून पाहत.

एकदा साहेबांचा नवा डबा त्यांनी असाच पालथा केला आणि आतलं वरण वाळत घातलेल्या नमुन्यांवर गेलं. साहेब ओरडले. भाऊ शांतपणे म्हणाले, "झाकण ढिलं हाये, साहेब. इथं समजलं ते बरं झालं. गाडीत समजलं असतं त पँटीवर समजलं असतं." त्या दिवशी साहेब आमच्या डब्यातलं जेवले.

भाऊंचं घर मोर्शीच्या बाजूला, संत्र्याच्या मळ्यात. तिथे वहिनी एकट्या राहत. वहिनींना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं आणि वाचायलाही कुणी शिकवलं नव्हतं. नवराबायको हातांनी बोलत. ती भाषा दोघांनी मिळून घडवलेली, तिसऱ्या कुणाला फारशी न कळणारी. वहिनींनी प्रत्येकाला एक खूण दिली होती. मी म्हणजे डोळ्यांपुढे बोटांचे दोन गोल, चष्मा. भाऊ म्हणजे पालथा केलेला तळहात.

रोज जेवणाच्या सुट्टीत भाऊ फोन भिंतीला टेकवून ठेवत आणि दोन्ही हातांनी गप्पा मारत. बाकीचे कुणीकुणी हसत. "भाऊ, वहिनीले म्हणा थोडं हळू बोला, आमच्या कानात दडे बसून राहिले!" भाऊही हसत.

पण त्या गप्पांत एक काम असे. फवारणीच्या दिवसांत वहिनी औषधाची बाटली कॅमेऱ्यासमोर धरत. भाऊ हात पालथा करून खूण करत, वहिनी बाटली फिरवत आणि तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं वाचून भाऊ सांगत, एका पंपाला किती झाकणं घ्यायची, तोंडाला काय बांधायचं, कोणती बाटली उघडायचीच नाही. त्यांना विचारल्याशिवाय वहिनी बाटलीचं बूच काढत नसत.

मळ्यात मोबाइलवर चित्र येत नसे. इंटरनेटची तार गावातल्या एका दुकानापर्यंतच आली होती. तिथलं वायफाय लांबून पकडून घरात पुढे द्यायचं, तर स्वस्तातल्या राउटरला कंपनी ते करू देत नव्हती. म्हणून भाऊंनी त्याचं फर्मवेअरच, म्हणजे त्याला आतून चालवणारी प्रणालीच बदलली. जगभरातली माणसं मिळून लिहितात आणि फुकट वाटतात, ते त्यात घातलं. "कंपनीनं आत आपला चौकीदार बसवला हाये," ते म्हणाले. "त्याले काढतो आणि आपला बसवतो."

एकसारखे दोन राउटर आम्ही एकाच दुकानातून घेतले होते, एक त्यांचा, एक माझा. डबा तोच, नाव तेच, पांढरं तोंडही तेच. माझा त्यांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर, माझ्यासमोर केला. आधी पालथा करून बुडाची चिठ्ठी वाचली आणि मगच फाइल निवडली. पंखा आधीच बंद करायला लावला, मधेच तो बंद करायला जाऊन कुणी चुकून राउटरचंच बटण दाबू नये म्हणून. राउटरचे सगळे दिवे एकदम विझले.

"आता हा मेला बी नाही अन् जिता बी नाही," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "आता याले हात लावाचा नाही."

मी हात पाठीमागे घेतले. मातीचा वास तेवढा येत होता. मग एक दिवा लुकलुकला आणि भाऊंनी श्वास सोडला. ती भीती मला तेव्हा गमतीची वाटली.

पुढे भाऊंना काही आठवड्यांसाठी अकोल्याच्या शाखेत पाठवलं. माझं गाव त्यांच्या मळ्याच्या पलीकडेच. एका शनिवारी त्यांचा फोन आला.

"बाबू, उद्या गावाले जाऊन राहिला ना? घरची रेंज तुटून तुटून येते. तिचा चेहराच थांबून जाते मधात. जाऊन फक्त बंद करून चालू करजो. बाकी कायले हात नोको लावू."

"हो भाऊ."

मी गेलो. वहिनींनी बोटांचे दोन गोल करून मला ओळखलं आणि पाणी दिलं. राउटर छपरावर, तेलाच्या रिकाम्या डबकीत बसवून बांबूला तारेनं आवळलेला होता. खाली घरात बटण होतं. मी बंद करून चालू केलं. चाललं. काम झालं होतं.

पण माझ्या बॅगेत लॅपटॉप होता. त्या फर्मवेअरची नवी आवृत्ती मी आठवड्यापूर्वी माझ्या राउटरवर एकट्यानं घातली होती आणि त्याचा मला फार अभिमान होता. वाटलं, इथेही घालू. भाऊ आले की म्हणू, बघा. ऊन टळटळीत होतं. छपरावर चढायचं, तारा सोडायच्या, डबकी काढून बूड पाहायचं, एवढं कोण करणार? दोन्ही एकसारखेच तर होते.

पडद्यावर सूचना आली: ही फाइल या यंत्रासाठी नाही. खाली एक छोटा चौकोन होता, तरीही पुढे जायचं असेल तर खूण करा. मी खूण केली.

वर डबकीच्या सावलीत लुकलुकणारे दिवे विझले. मी वाट पाहिली. वहिनीही दारात उभ्या राहून, काय चाललंय ते न कळता, माझ्याबरोबर वर पाहत होत्या. मग एक दिवा लागला आणि तसाच राहिला. लुकलुकला नाही. मी बंद केलं, चालू केलं. तोच एक दिवा, तसाच.

मोर्शीच्या स्टँडवरून मी भाऊंना फोन केला. वाटेत ठरवलं होतं, खरं सांगायचं. त्यांचा आवाज ऐकला आणि तोंडातून निघालं, "भाऊ, गावात लाइट नाही. डीपी जळली म्हणतात."

"बापा! म्हणजे हप्ता गेला," भाऊ म्हणाले. ट्रान्सफॉर्मर जळला की आमच्याकडे असंच असतं, त्यात कुणाला शंका येत नाही. "असू दे. लाइट आली की होईल चालू आपोआप."

पुढच्या रविवारी माझा राउटर नेऊन गुपचूप तिथे लावायचा, असा माझा बेत होता. मी खरं बोललो असतो तर भाऊ त्याच संध्याकाळी निघाले असते. खोटं बोललो म्हणून ते लाइटची वाट पाहत अकोल्यात थांबले. ही दोन वाक्यं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

त्या आठवड्यात मळ्यात फळ गळायला लागलं. शेजारच्या मळ्यातल्या माणसानं नंतर सांगितलं, वहिनी दोन-तीन दिवस छपरावर दिसायच्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बाटली फोनसमोर धरलेली. कधी बाटली सरळ, कधी पालथी. त्याला वाटलं, नवऱ्याशी बोलून राहिल्या.

मग त्यांनी नेहमीच्या रंगाच्या झाकणाची बाटली निवडली आणि नेहमीएवढं औषध घेतलं. दुकानदारानं या खेपेला वेगळं दिलं होतं. झाकण तेच होतं.

त्या शेजाऱ्यालाच वहिनी झाडांखाली पडलेल्या सापडल्या. अमरावतीच्या दवाखान्यात जीव वाचला. नजर वाचली नाही. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. हातांनी बोलणाऱ्या बाईला आता हात दिसत नव्हते.

पुढे एकदा भाऊ केंद्रात आले. हिशेब करून नोकरी सोडायची होती. खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी तो राउटर काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि पालथा केला. बुडाच्या चिठ्ठीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. माझ्या राउटरच्या चिठ्ठीवर नावापुढे तीनचा आकडा होता. इथे दोनचा होता.

"डीपी जळली होती ना, बाबू?"

गावातली लाइट त्या आठवड्यात एकदाही गेली नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना ठाऊक आहे, हे मला दिसत होतं. तरी ते विचारत होते, आणि थांबले होते.

"हो भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. राउटर तसाच पालथा ठेवून ते गेले. सही करायला दिलेलं माझं पेन मात्र परत देताना त्यांनी उलटून पाहिलं नाही.

मी मळ्यात एकदाच गेलो. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. भाऊंनी त्यांच्या तळहातावर बोटानं दोन गोल काढले. त्या लगेच हसल्या आणि ओठांशी बशी नेल्यासारखं करून चहाची खूण केली. माझ्याकडे नाही, माझ्या बाजूच्या भिंतीकडे पाहून.

"बस, बाबू," भाऊ म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

वहिनींनी हवेत हात पुढे केला. मी माझा दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, हळूच पालथा केला आणि मान थोडी वर करून थांबल्या. भाऊ कुठे, असं त्या विचारत होत्या. आत गेलेत, एवढंच सांगायचं होतं, पण हातावर ते कसं सांगायचं मला येत नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं. पालथा हात थोडा दाबून.

आत स्टोव्ह फुरफुरत होता, त्यांना तो ऐकू येत नव्हता. भाऊ चहा घेऊन येईपर्यंत माझा हात त्यांच्या हातात तसाच होता, पालथा.