ओट्यावरचा कर

कोलकात्याला बदली झाल्यावर माझ्याकडे आलेलं काम साधं होतं. ज्या नगरपालिका नव्याने सांडपाणी कर सुरू करतील, त्यांना गटारांसाठी केंद्राचं अनुदान मिळणार होतं. कराचा ठराव नीट झाला की नाही, ते जाऊन पाहायचं आणि अहवाल द्यायचा. सहकारी या दौऱ्यांना कंटाळत. मला ते आवडत. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकून घरातला पहिला पदवीधर झालो. माझ्या वर्गावरचं छप्पर गावाने भरलेल्या करातून आलं होतं, हे मला विसरता येत नाही.

कोलकात्याजवळच्या बजबज गावाच्या बाजूला, नदीकाठी एक छोटी नगरपालिका होती. तिथल्या एका नगरसेविकेने मला सभेच्या आधीच बोलावून घेतलं. तिच्या प्रभागात पावसाळ्यात गटाराचं पाणी घरांत शिरे. बायका खाटेवर स्टोव्ह ठेवून स्वयंपाक करत. आर्थिक वर्ष संपण्याआधी कर लागू झाला नाही तर अनुदान जाणार होतं, आणि नेमकी तिचीच गल्ली कराच्या विरोधात उठली होती.

कारण होतं घरापुढचा ओटा. तिकडे त्याला रोआक म्हणतात. बांधलेला मालकाने, पण संध्याकाळी त्यावर सगळी गल्ली बसते. कर घराच्या क्षेत्रफळावर बसणार होता, आणि मोजणीवाल्यांनी ओटाही त्यात धरला होता.

आम्ही पोचलो तेव्हा ज्यूट गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ शेजाऱ्यांसह आपल्या ओट्यावर बसले होते. मी महाराष्ट्रातला आहे हे कळताच एक शेजारी ओरडला, "आले रे बर्गी, वसुलीला!" बर्गी म्हणजे मराठ्यांचे घोडेस्वार. त्यांच्या जुन्या स्वाऱ्या बंगालने अजून लक्षात ठेवल्यात. मीही हसलो.

"बसणार सगळी गल्ली आणि कर भरायचा मी?" गृहस्थ मला म्हणाले. "उद्याच जाळी लावून टाकतो."

"लाव की," शेजारी म्हणाला. "वहिनी आम्हाला जाळीतून चहा देतील."

"चेष्टा पुरे," नगरसेविका म्हणाली. "काका, तुम्हाला गटार हवं की नको?"

"हवं. पण सांडपाण्याचा कर ओट्यावर कशाला गं? आम्ही इथे बसून काय आंघोळी करतो?"

तिने सोबत आलेल्या कर विभागाच्या कारकुनाकडे पाहिलं.

"दिल्लीची अट आहे," तो म्हणाला. "काही बदलता येत नाही."

अशी अट नव्हती. कर क्षेत्रफळावर आकारावा, एवढंच केंद्राने म्हटलं होतं. सूट कशाकशाला द्यायची ते नगरपालिकेने ठरवायचं होतं. पण वरून ठरावाचा नमुना आला की त्यातला स्वल्पविरामही हलवायचा नाही, ही तिथल्या कचेरीची पद्धत. आमच्याही कचेरीची तीच आहे. मी अटींचा कागद काढला आणि हिंदीत सावकाश वाचून दाखवला.

"म्हणजे हे आम्ही ठरवायचं?" नगरसेविकेने विचारलं.

"हो दीदी. तुमच्या सभेने."

सभेत तिने गल्लीला खुल्या असलेल्या ओट्यांसाठी सूट मागितली. जाळी लावून बंद केलेल्यांवर कर राहू दिला. वाद झाला. उद्या लोक झोपायची खोलीही ओटा म्हणून दाखवतील, असं एक सदस्य म्हणाले. तरी ठराव मंजूर झाला. मी पाहिलं तसं लिहून दिलं आणि अनुदान आलं.

पुढच्या हिवाळ्यात कामाच्या पाहणीला गेलो तेव्हा ती गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत खणलेली होती. ओट्यापर्यंत पोचायला वाट नव्हती. गृहस्थ आपल्या दारात उभे राहून नगरसेविकेला सुनावत होते, की आता इतके दिवस माणसांनी बसायचं कुठे. "हो काका, हो काका," ती म्हणत होती. तिचं सगळं लक्ष खड्ड्यात उतरणाऱ्या पाइपाकडे होतं.