ढोपराचं गाऱ्हाणं

काकांनी कुत्रीच्या पायावर दाराचा अडसर घातला तेव्हा मी खिडकीशी तांदूळ निवडत बसले होते. मी ओरडले नाही. मी कधीच ओरडत नसे. पण हे त्यांना महाग पडलं पाहिजे, असं मी तिथेच ठरवलं, आणि ठरवल्यावर मला फार शांत वाटलं.

घडलं ते एवढंच. मिठबावचे दोन गृहस्थ आंब्याच्या कलमांच्या सौद्यासाठी आले होते. ते खळ्यात, घरापुढच्या अंगणात, शिरताना कुत्री भुंकली. एक जण दचकून मागे सरला, त्याचं धोतर तुळशीच्या कठड्याला अडकून फाटलं आणि दुसरा हसला. काकांना तो आपला अपमान वाटला. त्यांनी अडसर उचलला आणि तिच्या मागच्या उजव्या गुडघ्यावर हाणला. मग तो जागच्या जागी ठेवून "चाय टाक गो," म्हणाले आणि पाहुण्यांशेजारी बसले. मी चहा टाकला. साखरही नीट घातली.

मी त्या घरात येऊन वर्ष होत आलं होतं. आई माझ्या लहानपणीच गेली होती. वडील गेले तेव्हा बेळगावचं कॉन्व्हेंट आणि वसतिगृह एकदमच संपलं, आणि वडिलांचे थोरले भाऊ म्हणून काका मला घेऊन आले. मालवणी मला कळे, पण बोलताना जीभ अडखळे. वाडीतल्या मुली मला 'मडम' म्हणत, म्हणून मी गप्प राही. कुत्रीला नाव नव्हतं. मी तिला नुसतं "गो" म्हणे आणि ती येई.

आता ती तीन पायांवर येऊ लागली. गुडघा सुजला होता, आणि ती पाय टेकायला गेली की आत काहीतरी सरकताना दिसे. मी हळदीचा लेप लावला, फडकं बांधलं. ती ते चाटून काढी.

आठवड्याभराने गुरांचे डॉक्टर बैलांना टोचायला वाडीत आले. काका बैलाची वेसण धरून उभे होते. मी कुत्रीला उचलून तिथे नेलं आणि डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले, एका दमात, मध्ये कोणी तोंड घालायच्या आत. काका एकदा माझ्या तोंडाकडे बघत, एकदा डॉक्टरांच्या. त्या घरात पहिल्यांदाच त्यांना न कळणारं काहीतरी माझ्याकडे होतं.

डॉक्टरांनी गुडघा चाचपला आणि मग काकांना मराठीत सांगितलं, "वाटी सरकलीय. आतला बंधही ताणलाय. तालुक्याला दवाखान्यात आणा, वाटी बसवून खपच्या बांधतो. दर आठवड्याला बांधणी बदलावी लागेल. महिना-दीड महिना उडी नाही, पायरी नाही. खायला अंडी द्या. त्यानंही नाही धरलं तर बेळगावला शस्त्रक्रिया."

"आणि काय्येक केला नाय तर?"

"पाय वाळेल."

काका मोठ्यानं हसले. "कुत्र्याक गाडयेतसून तालुक्याक न्हेव? तुझ्या काकीचा ढोपर इतकी वर्सां दुखता, तिका खंय न्हेलंय?"

गुडघ्याला इकडे ढोपर म्हणतात. काकी तेव्हा मागच्या पडवीत पाय लांब करून नारळ खवत होती. तिनं हे ऐकलं. खवणीचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

एस.टी.त कुत्रं घेत नसत. गाडी, बैल आणि पैसा, तिन्ही काकांच्या हातात होतं. माझ्या कानात आईच्या कुड्या होत्या. त्या उतरवायला मी तयार होते, पण काकीनं माझा हात धरला.

"तुझे कुडये कित्याक? मारल्यान कोणी?" ती म्हणाली. "जत्रेक नारळ ठेव गो."

आमच्या गावची रीत अशी की ज्याचं काही दुखणं-खुपणं, तंटा असेल तो देवापुढे नारळ ठेवतो. मानकरी त्याचं गाऱ्हाणं मोठ्यानं देवाला सांगतो आणि जमलेला गाव "व्हय म्हाराजा!" म्हणून त्याला दुजोरा देतो. ठेवलेला नारळ परत करत नाहीत, आणि सांगितलेलं गाऱ्हाणं गाळत नाहीत. आमच्या देवळात हा मान काकांचा होता. लोकांचे बांध, विहिरी, चोरलेली कोंबडी, सगळं ते खणखणीत आवाजात देवाच्या कानी घालत. स्वतः ते देवाला इतके भीत की देवळावरून जाताना छत्रीही मिटत.

काकी मला मासे साफ करताना शब्द शिकवू लागली. "'नाहीतर' नाय, 'नायतर' म्हण. देवाक शाळेतला मराठी कळना नाय." आणि हसता हसता तिनं बांगड्याचं डोकं असं काही छाटलं की मी तिच्याकडे बघतच राहिले.

जत्रेच्या दिवशी देऊळ भरलं होतं. बायकांच्या बाजूने मी पुढे गेले आणि नारळ ठेवला. काकांच्या कपाळावर आठी पडली.

"काय गो, काय सांगूचा?"

मी सांगितलं.

"मोठ्यान सांग."

मोठ्यानं बोल, असं त्यांनीच म्हणावं! मी मोठ्यानं सांगितलं. माझं मालवणी त्या दिवशी साऱ्या गावानं ऐकलं, आणि कोणी हसलं नाही.

 समईची ज्योत आणि काकांचा घाम, एवढंच हलत होतं. मग त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ज्या कोणी ह्या चेडवाच्या कुत्र्याचा ढोपर मोडल्यान, तेका तू बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

लोक "व्हय" म्हणायला तोंड उघडणार, तोच बायकांतून काकीचा आवाज आला, "पुरता सांगा! अर्धा गाऱ्हाणा देवाक पोचना नाय."

कोणीतरी खोकल्यासारखं करून हसू दाबलं. कुत्री बरी होईपर्यंतची माझी पुढची अट काकांना म्हणावीच लागली. "...तेनी तेचा औषधपाणी करूचा, कुत्रा बरा होयसर. नायतर..." ते थांबले. मी त्यांच्याकडे बघत होते. एरवी मी कोणाच्या नजरेला नजर देत नसे. "नायतर तेचोय ढोपर तसोच होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला. ज्यांचं धोतर फाटलं होतं ते मिठबावचे गृहस्थ जत्रेला आले होते, त्यांचा आवाज सगळ्यांत वर होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडी जुंपलेली होती.  कुत्रीला मी मांडीवर घेतलं. काकीही लुगडं बदलून येऊन बसली.

"तू खंय?" काकांनी विचारलं.

"माकाय ढोपर आसा," ती म्हणाली.

दर आठवड्याला आम्ही तालुक्याला गेलो. कुत्रीच्या खपच्या, इंजेक्शनं, काकीचं मालिशचं तेल आणि गोळ्या, सगळं काकांच्या कनवटीतून. त्यांच्या कोंबड्यांची अंडी मी त्यांच्यासमोरच कुत्रीला भरवी. महिन्याभराने डॉक्टर म्हणाले की आता दर आठवड्याला यायची गरज नाही. मी इंग्रजीत विचारलं, खबरदारी म्हणून आणखी चार वेळा दाखवलेलं बरं ना? डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," ते म्हणाले. "आणखी चार वेळा या म्हणतात," मी काकांना मराठीत सांगितलं.

खपच्या सुटल्या. वाटी बसली होती. कुत्री पाय टेकू लागली, मग चालू लागली. काका मात्र पाटावरून उठताना आधी गुडघ्यावर हात ठेवत, दाबून बघत, मग उठत. त्यांचे गुडघे ठणठणीत होते. रोज सकाळी मी ते बघे, आणि माझा दिवस चांगला जाई.

एके दिवशी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात सोललेला नारळ होता. गाऱ्हाणं ज्यानं घातलं त्यानंच दुसरा नारळ ठेवून सोडवायचं असतं.

"केलंय मां सगळा?" ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "आता सोडव गो बाय माका. रातची झोप नाय."

तेवढ्यात कुत्री खळ्यातून आली. चारही पाय टेकत पायऱ्या चढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग आशेनं माझ्याकडे.

मी नजर खाली घातली, चांगल्या वळणाच्या मुलीनं घालावी तशी.

"अजून लंगडते, काका," मी म्हणाले.