सासूबाईंनी वाचलेले ओठ

सोफा-खुर्च्यांना नवं कापड चढवणारा तो कारागीर हाताचा पक्का. पण शिडीवरून पडून मनगट मोडलं आणि दुकानाला कुलूप लागलं. शिलाई मशीनसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले. बँकेचा फोन आला की तो वाजू द्यायचा. बायको कामावर गेली की घरात तो आणि सासूबाई दोघंच. सासूबाईंचा उभा जन्म सूतगिरणीत गेला होता. यंत्रांच्या खडखडाटात कान गेले, पण समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायची सवय तिथेच लागली.

एका दुपारी मोबाइलवर जाहिरात आली. बातम्या देतात तसा कोटातला माणूस सांगत होता: नवी योजना, आठवड्यात कर्ज माफ, आजच नाव नोंदवा. बुडत्याला काडीचा आधार. त्यानं नंबर भरला, तर लगेच एका गोड आवाजाच्या बाईचा फोन. "दादा, आता बँकेशी बोलायचंच नाही. नोंदणीचे पैसे तेवढे पाठवा, बाकी आमच्यावर सोडा."

पैसे सासूबाईंकडेच होते. मागायला जीभ रेटेना, म्हणून त्यानं व्हिडिओच त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चष्मा लावून तो दोनदा पाहिला. "जावईबापू, हा काय बोलतोय म्हणता?" त्या नेहमीसारख्या मोठ्यानं म्हणाल्या.

"कर्ज माफ होणार म्हणतोय, आई."

"म्हणून बघा बरं, 'माफ'. ओठ मिटले ना तुमचे? या मेल्याचे मिटतच नाहीत. हा बोलतोय दुसरंच, आवाज वरून चिकटवलाय."

त्यानं आवाज बंद करून पाहिलं. खरंच होतं. मग बाकीचंही दिसायला लागलं. योजना कुणाची, ऑफिस कुठे, कशाचाच पत्ता नाही. काम व्हायच्या आधी पैसे मात्र हवेत. बाई फोनवर काय म्हणाली तेही त्यानं सांगितलं.

"ज्याचं देणं त्याच्याशीच बोलू नका म्हणते?" सासूबाई म्हणाल्या. "इथंच पाणी मुरतंय. उठा, बँकेत जाऊ."

बँकेतल्या साहेबबाईंनी आधी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "फोन का उचलत नव्हता?" मग त्यांनी दवाखान्याचे कागद पाहिले, मुदत वाढवली आणि हप्ता लहान करून दिला. कर्ज होतं तिथेच होतं, पण छातीवरचा धोंडा उतरला. बाहेर पायऱ्यांवर त्याचे डोळे भरून आले.

"आई, तुम्ही नसता तर..."

"तर तुमच्या बायकोनं तुम्हाला गदागदा हलवून जागं केलं असतं," त्या म्हणाल्या. "चला, ऊन वाढतंय."

मनगट सुधारल्यावर दुकान उघडलं. पहिलं काम त्यानं गिऱ्हाइकाचं घेतलं नाही. सासूबाईंची पाठ दुखायची, म्हणून त्यांच्यासाठी जाड स्पंज भरून एक खुर्ची बनवली. त्यांनी बोटानं गादी दाबून पाहिली.

"जरा कडकच झालीय," म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावरून उठल्या नाहीत.