शेजारच्या बाईंचं लक्ष

धंद्यात मला ‘बघू’ चालत नाही. किती, कधी आणि काय भावानं, हे ठरल्याशिवाय मी माल उतरवून घेत नाही. ही सवय माझ्या धाकट्या भावामुळे लागली. मी पुणं सोडलं तेव्हा तो म्हणाला होता, “आईचं मी बघतो.” तीन वर्षांनी गेलो तर आई चहा-बिस्किटांवर दिवस काढत होती. भाऊ दहा मिनिटांवर राहून महिन्यातून एकदा डोकावत होता. तो राग अजून गेलेला नाही आणि मी तो घालवणारही नाही. आईला घेऊन आलो इकडे, ऑकलंडला.

आमचं घर माउंट रॉस्किलला, भाजीचं दुकान अवोन्डेलला. मी आणि बायको सकाळी सातलाच बाहेर पडतो. शेजारच्या वयस्कर गोऱ्या बाई म्हणाल्या, “जा तुम्ही खुशाल. माझं लक्ष असेल.”

माझं डोकंच फिरलं. पुन्हा तेच! मी सरळ कागदावर लिहून नेलं: दहाला एक फेरी, तीनला एक, आणि त्याचे इतके डॉलर. बाईंनी कागद वाचला, हसल्या आणि घडी घालून माझ्याच खिशात कोंबला. “ऑल गुड,” म्हणाल्या. याला होकार समजायचा की नकार?

दुसऱ्याच आठवड्यात सकाळी पावणेनऊला त्यांचा फोन आला. “आई ठीक आहे. पण ये.”

आई आमच्या सोफ्यावर बसली होती, घोट्यावर गोठलेल्या मटारची पिशवी. बाथरूममध्ये पाय घसरला होता, उठता येत नव्हतं.

“तुम्हाला कळलं कसं?” मी बाईंना विचारलं.

“तुमच्या किचनचा पडदा. ती आठला उघडते आणि मला हात करते. आज साडेआठ झाले तरी बंद. मग मागच्या दारानं आत गेले.”

माझ्या कागदाप्रमाणे त्या दहाला आल्या असत्या. तोवर आई ओल्या फरशीवर पडून राहिली असती.

“यांच्याशी भांडू नकोस हं,” आई मला म्हणाली.

“भांडत नाहीये गं. आभार मानतोय.”

“मग तोंड नीट कर आणि आधी खाली बस.”

बसलो. फ्लॉवरच्या एका खोक्यासाठी अर्धा तास हुज्जत घालणारा मी, त्या बाईंना नुसतं ‘थँक यू’ म्हणालो. त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. त्या आईच्या पायाशी वाकून मटारची पिशवी सारखी करत होत्या.